टिबुकलीचं दार

गावाबाहेर एक पाझर तलाव होता. काठाला लव्हाळं दाट माजलेलं होतं आणि बाभळीखाली एक म्हातारा भोई जाळं विणत बसायचा. शाळा सुटली की गावातला एक मुलगा त्याच्याजवळ येऊन बसे. मुलगा मोठा कनवाळू. लंगडणारं कोकरू दिसो, की पावसात भिजलेला पारवा, त्याचे हात लगेच पुढे होत.

आषाढात एके दुपारी त्याला पाण्यावर काडीकचऱ्याचा ढीग दिसला. त्यावर टिबुकली बसली होती. कबुतराहूनही लहान पक्षी. मान तांबूस, चोचीच्या मुळाशी पिवळसर ठिपका, शेपूट जवळजवळ नाहीच. मुलगा पाण्यात उतरला, तशी तिनं चोचीनं भराभर ओलं शेवाळ अंगाखाली ओढलं आणि बुडी मारली. वर आली ती पार पलीकडे.

मुलगा ढिगापाशी पोचला. त्यानं शेवाळ बाजूला सारलं. आत 4 अंडी होती. एक चहाचा डाग पडल्यासारखं तपकिरी, दोन मळकट, आणि चौथं अजून पांढरं. सगळी ओली. मुलाला वाईट वाटलं. आई घाबरून पळाली आणि जाताना अंड्यांवर घाण टाकून गेली, असं त्याला वाटलं. त्यानं शेवाळाचा धागान् धागा वेचून काढला. सदऱ्याच्या टोकानं अंडी पुसली. ऊन लागावं म्हणून भोवतीचं लव्हाळंही वाकवून ठेवलं. मग तो समाधानानं घरी गेला.

सकाळी ढीग रिकामा होता. काठावर एक फुटकं टरफल पडलं होतं. बाभळीवर कावळा बसला होता.

मुलगा रडत रडत म्हाताऱ्याकडे गेला. "तात्या, मी तर घाण साफ केली हो."

म्हाताऱ्याचा जाळ्यावरचा हात थांबला. "पोरा, ती घाण नव्हती. तिच्या घराचं दार होतं ते. बाहेर पडताना ती लावून घेते. वरनं बघणाऱ्याला नुसता कचरा दिसतो. तू दारच काढून टाकलंस."

"मग आता काय करू?"

"आता बसायचं. इथंच, बाभळीखाली."

मुलगा बसला. काही दिवसांनी नर-मादी पुन्हा शेवाळ वाहू लागली, या खेपेला आणखी आत. बुडी मारायची, तोंडात शेवाळाचा लोंबता तुकडा घेऊन वर यायचं, तो ढिगावर थापायचा. एखादी काडी सुटून वाहत जाई. मुलगा उठे. म्हातारा नुसती मान हलवी. मुलगा पुन्हा खाली बसे.

श्रावणात एका रात्री धो धो पाऊस पडला. मुलाला झोप आली नाही. घरट्याखाली दगड रचून ते उंच करायला हवं होतं, असं त्याला राहून राहून वाटत होतं. उजाडताच तो धावत तळ्यावर गेला. पाणी हातभर चढलं होतं, आणि घरटंही हातभर वर आलं होतं. ते तळाला टेकलेलंच नव्हतं. लव्हाळ्याच्या काड्यांना अडकून पाण्यावर तरंगत होतं. टिबुकली त्यावर शांत बसली होती.

ती नव्या अंड्यांवर बसली, त्या दिवसापासून मुलगा सुतळीला रोज एक गाठ मारत होता. 21 गाठी झाल्या, त्या दिवशी तिच्या पंखांतून एक पट्टेरी डोकं बाहेर आलं. मग दुसरं. पिलं पाठीवर घेऊन ती पाण्यात उतरली. मुलाचे हात मांडीवरच होते.

त्या मुलाच्या मनात पहिल्या दिवशीही मायाच होती. पण ज्याच्यावर माया करायची, त्याची रीत त्यानं पाहिली नव्हती. ती कळेपर्यंत 4 अंडी गेली.

पावसाळा हा टिबुकलीचा, कमळपक्ष्याचा, पाणकोंबडीचा विणीचा काळ. या दिवसांत तळ्यावर जरूर जा, पण काठावरच थांबा. घरट्यावरची टिबुकली घाईघाईनं अंडी झाकताना दिसली, तर तुम्ही फार जवळ आला आहात. तिथूनच मागे फिरा.