पंधरावा अध्याय आणि आईचे आठ दिवस



आजचा श्लोक गीतेच्या पंधराव्या अध्यायातला पंधरावा. सगळ्यांच्या हृदयात आपण बसलेलो आहोत आणि स्मृती, ज्ञान आणि त्यांचं ‘अपोहन’ आपल्यापासूनच होतं, असं भगवंत यात सांगतात. अपोहन म्हणजे निघून जाणं, दूर होणं. हा श्लोक मी लहानपणापासून म्हणत आलोय, कारण आमच्या घरी जेवणाआधी पंधरावा अध्याय व्हायचा. आजीने तो आम्हा सगळ्या नातवंडांकडून घोकून घेतला होता. पण आठवण देणारा जो आहे, तीच परत नेणाराही तोच आहे, हा अर्थ कधी डोक्यात शिरलाच नव्हता.

आजी आता ८४ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. मला ती ओळखत नाही. आप्पांना, म्हणजे स्वतःच्या मुलाला, कधी भाऊ समजते, कधी तलाठी. पण पंधरावा अध्याय अजून पाठ आहे. एकदा सुरुवात करून दिली की वीसच्या वीस श्लोक धडाधड म्हणते. मध्येच कुणी टोकलं तर मात्र अडकते, मग पुन्हा पहिल्यापासून. ‘अपोहन’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकताना मला दर वेळी कसंतरी होतं.

आमचं घर दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर हायवेपासून थोडं आत. मी खराडीला नोकरीला. दर शनिवारी घरी जायचो, आजीजवळ बसायचो, अध्याय म्हणायचो, फोटो काढायचो. इथे ब्लॉगवर ‘वृद्धसेवा हीच ईशसेवा’ असं लिहूनही झालंय, जुन्या वाचकांना आठवेल. आठवड्याचे उरलेले साडेपाच दिवस आणि सगळ्या रात्री आई बघायची.

गेल्या वर्षी आई म्हणाली, “मला आठ दिवस न्हावऱ्याला जायचंय.” न्हावरे तिचं माहेर. चौफुल्यावरून उजव्या अंगाला नाही, डाव्या अंगाला वळायचं, भीमा ओलांडली की शिरूर तालुका. गाडीने तासभरसुद्धा लागत नाही. सहा वर्षांत ती तिथे एकही रात्र राहिली नव्हती. मामाच्या घराची वास्तुशांतही तिने सकाळी जाऊन दुपारी परत येऊन केली.

आणि मी काय म्हणालो? “अगं पण आजीला सोडून?”

ती काहीच बोलली नाही. कणीक मळत राहिली.

मंडळी, मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्या टीममध्ये ऑन-कॉलचं रोटेशन असतं. आठवडाभर रात्री-अपरात्री सिस्टिम पडली की उठायचं, आठवडा संपला की पाळी दुसऱ्याची. कुणाला सलग दोन आठवडे लावले तर मॅनेजरला जाब विचारतात, कारण न झोपलेला माणूस चुका करतो, हे सगळ्यांना मान्य आहे. त्या रात्री परत जाताना पाटसच्या टोलवर गाडी... नाही, पाटस उलट्या दिशेला, यवतच्या पुढे कुठेतरी असेन, तिथे मला उमगलं की माझी आई सहा वर्षं ऑन-कॉल आहे. आजी रात्री दोनला उठते, दाराची कडी काढते, “घरी जायचंय” म्हणते. ती स्वतःच्याच घरात असते. आई उठते, तिला अंगणातून एक चक्कर मारून आणते आणि “आलं बघा घर” म्हणून परत निजवते. कधी एकदा, कधी चारदा.

याला इंग्रजीत रेस्पाइट केअर म्हणतात. सांभाळणाऱ्याला सुट्टी मिळावी म्हणून आजारी माणसाला काही तास, काही दिवस दुसऱ्या जाणत्या हातात देणं. जपानमध्ये २००० सालापासून दीर्घकालीन काळजीचा विमाच आहे, त्यात म्हाताऱ्या माणसांना थोडे दिवस केंद्रात ठेवण्याची सोय धरलेली आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की साठीच्या पुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख. त्या ८८ लाखांच्या मागे रात्री जागणारं कुणीतरी आहेच. मोठ्या शहरांत थोडी केंद्रं आहेत. दौंडमध्ये, शिरूरमध्ये मी विचारत फिरलो, तर लोकांनी वृद्धाश्रमांचे पत्ते दिले. आठ दिवसांसाठी ठेवून परत न्यायचं, ही कल्पनाच समजावून सांगावी लागत होती. शेवटी पुण्यात एक जागा मिळाली.

घरात हे कळल्यावर चुलते आले. त्यांनी दोन शास्त्रवचनं काढली. पहिलं, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. म्हणजे आजी आयुष्यभर तापट होती, त्याचं हे फळ, आणि ते घरातच भोगून संपवायचं. मला राग आला, पण उत्तर द्यायचं म्हणून मी तो भाग पुन्हा नीट वाचला. तिथे विषय इंद्रियांचा चाललाय. विषयांचं चिंतन करणारा माणूस पायरी-पायरीने कसा घसरतो, शिकलेलं भान कसं सुटतं, त्याचं ते वर्णन आहे. मेंदूतल्या पेशी मरण्याचं नाही. आणि आजच्या श्लोकावर शंकराचार्यांचं भाष्य अपोहन कर्मानुसार होतं असं सांगतं, हे मला माहीत आहे, ते मी लपवत नाही. पण कर्माचा हिशोब मांडायचा अधिकार चुलत्यांना कुणी दिला? श्लोकात ‘मी हृदयात आहे’ हे आधी येतं. आठवण गेली तरी तो जागा सोडत नाही, मी तर त्यातून एवढंच घेतो.

दुसरं उदाहरण पुंडलिकाचं. देव दारात आला तरी आईबापाची सेवा सोडली नाही, वीट फेकली आणि थांब म्हणाला. याच्यापुढे काय बोलणार? आपण सगळे वारकरी घरातले. पण नंतर विचार करताना एक गोष्ट खटकली. आमच्या घरात पुंडलिक कोण? नाव आप्पांचं, फोटो माझे, आणि पाय चेपणारी परक्या घरातून आलेली सून. चुलत्यांनी पुंडलिकाचं उदाहरण दिलं आणि चहा पिऊन गेले. आईला शब्द देणाऱ्या शास्त्रात तिची पाळी कुणी घ्यायची तेही असलंच पाहिजे, नाहीतर ते शास्त्र नाही, सोय आहे.

दरवर्षी तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, पिठलं-भाकरी, मग वरवंडला मुक्काम. पालखी रथातून उतरवून देवळात नेताना बघितलंय ना? खांदे बदलत जातात. मागचा पुढे येतो, थकलेला बाजूला होतो. वाटेत जागोजागी विसावा असतो. खांदा बदलला म्हणून कुणी म्हणत नाही की त्याची निष्ठा कमी पडली. खांदा न बदलता रेटली तर पालखीच डळमळेल. (‘खांदा देणे’चा दुसरा अर्थ मला माहीत आहे. त्या वेळी तर सगळेच पुढे येतात.)

कायद्याचंही बोलतो, कारण आप्पांना ती भीती होती. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात म्हाताऱ्या माणसाला टाकून देण्याला शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कायमचं सोडून देण्याच्या हेतूबद्दल आहे. परतीची तारीख ठरवून, औषधांची यादी देऊन ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे.

आजीला सोडून आलो तो दिवस मात्र वाईट गेला. तिने माझा हात धरला होता. एरवी न ओळखणारी आजी त्या दिवशी हात सोडेना. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, “तुम्ही जा, पाच मिनिटांत विसरतील.” दिलासा म्हणून म्हणाल्या असतील, पण मला ते वाक्य अजून टोचतं. विसरेल म्हणून चालेल? मग आठवण नसलेल्या माणसाशी काहीही केलेलं चालेल. ती पाच मिनिटं तिच्यासाठी पूर्ण खरी होती. ती भीती तिला वाटली, मी तिला ती दिली. हा दोष मी कुठल्याही श्लोकाने पुसत नाही. आईच्या सहा वर्षांसमोर तो ठेवला, आणि तरीही गाडी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी केंद्रातून फोन, आजी दोन घासांवर ताट सरकवते, संध्याकाळी दारापाशी उभी राहते. त्याच रात्री न्हावऱ्याहून आईचा फोन. “आत्याबाई जेवल्या का?” मी म्हणालो, “हो, व्यवस्थित.” दुसऱ्या दिवशी मी जाऊन बसलो, पंधरावा अध्याय सुरू करून दिला. तिथली एक सेविका शेवटपर्यंत ऐकत थांबली. पुढच्या जेवणाला तिने मोबाइलवर अध्याय लावला, तेव्हा आजी जेवली म्हणे. चार दिवस तसंच.

आई पहिले दोन दिवस फक्त झोपली, असं मामी सांगत होती. उठायची, जेवायची, परत झोपायची. मग ओढ्याकाठच्या शेतात गेली, मैत्रिणींना भेटली. परत आली तेव्हा आजीने तिच्याकडे बघून विचारलं, “कुणाच्या गं तू?” आई म्हणाली, “तुमचीच,” आणि वेणी घालायला बसली.

महिन्याभराने मी खोटं बोलल्याचं तिला सांगितलं. ती म्हणाली, “कळलं होतं मला. तू विचार न करताच हो म्हणालास.”

“मग लगेच परत का नाही आलीस?”

“झोप येत होती रे.”

आता दर महिन्याला दोन रात्री आजीजवळ मी झोपतो, वरून एक मावशी ठेवल्यात, आणि दिवाळीनंतरचे आठ दिवस पुण्याच्या त्याच जागी सांगून ठेवलेत. चुलते अजून बोलत नाहीत. गेल्या शनिवारी रात्री दोनला आजी उठली, कडी काढली, “घरी जायचंय” म्हणाली. मी तिला अंगणातून फिरवून आणलं. “आलं बघ घर” म्हणालो, तर तिचा विश्वास बसेना. तीनदा फिरलो.

राम कृष्ण हरी.