रांग, तिकीट आणि न्याय

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, दुसरी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असताना एक सद्गृहस्थ भेटीस आले. वळ येथील गोदामांना माल चढविण्या-उतरविण्यासाठी माणसे पुरविणे हा त्यांचा व्यवसाय. माणूस कष्टाने वर आलेला, बोलण्यात रोखठोक आणि हाताने सढळ. नाताळानंतर धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना एका मोठ्या मनोरंजन उद्यानात नेण्याचे ठरले आहे, हे त्यांच्या कानी आले होते. ते म्हणाले, “फादर, तिकिटाचे पैसे तुम्ही पालकांकडून घ्या. पण त्यावर तो एक्स्प्रेस पास असतो ना, तो बेचाळीस मुलांचा मी देतो. आपल्या पोरांनी उन्हात ताटकळत का उभं राहायचं?” आम्ही आभार मानले आणि आठवड्याने कळवितो असे सांगितले. देणगीला होकार देण्यास धर्मगुरूला आठवडा लागावा याचे त्यांना नवल वाटले. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेच.

वाचकहो, तो आठवडा आम्हांला का लागला, हे सांगण्यासाठी गेल्या वर्षीच्या सहलीकडे जावे लागेल. असेच एक उद्यान होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासल्या गेल्या आणि आयांनी पहाटे उठून बांधून दिलेले डबे बाहेर ठेवावे लागले, कारण घरचे अन्न आत नेण्यास मनाई होती. आत वडापावची किंमत ऐकून आमच्या एका शिक्षिकेने हातात घेतलेला वडापाव मुकाट्याने परत ठेवला. पुढे सर्वांत मोठ्या पाळण्याच्या रांगेत आम्ही दीड तास उभे होतो. शेजारी कठड्यापलीकडे दुसरी एक वाट होती. मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधलेली माणसे त्या वाटेने येत आणि थेट पुढे जात. तिसरीत शिकणाऱ्या एका मुलाने आमचा हात ओढून विचारले, “फादर, ते आपल्या मागून आले, मग पुढे कसे गेले?” आम्ही म्हणालो, “त्यांनी जास्त पैसे दिले आहेत, बाळा.” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “कोणाला दिले? आपल्याला तर नाही दिले.”

त्या वेळी आम्ही हसलो. परंतु सेमिनरीत चार वर्षे नीतिशास्त्राचे ग्रंथ उलथेपालथे करूनही ज्या प्रश्नाच्या मुळाशी आम्ही गेलो नव्हतो, तिथे ते पोर एका वाक्यात पोहोचले होते.

आमच्या पिढीने हे सारे हळूहळू बदलताना पाहिले आहे. लहानपणी जत्रा होती. आपल्या भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीची जत्रा भरते, मुंबईला वांद्र्याच्या मोतमाउलीची भरते. तिथे प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. खिशात असतील तेवढे फेरे. हाताने पाळणा फिरविणारा माणूस एखादी जागा रिकामी दिसली की नुसतेच बघत उभ्या असलेल्या पोराला उचलून आत बसवी. १९८९ साली गोराई येथे एस्सेल वर्ल्ड सुरू झाले. गोराई हे जुन्या ख्रिस्ती वस्तीचे गाव. तोवर मुंबईकर तिथे समुद्रकिनाऱ्यासाठी जात. नवे पुरोहित असताना आम्ही वेदीसेवकांना घेऊन खाडीतून लाँचने तिथे गेलो होतो. रांगा तेव्हाही लांब होत्या. पण एका रांगेत आमच्या मुलांची दुसऱ्या कुठल्याशा शाळेच्या मुलांशी अंताक्षरी जुंपली, आणि पाळण्यापेक्षा ती अंताक्षरीच त्यांच्या अधिक लक्षात राहिली. ते एस्सेल वर्ल्ड २०२२ साली बंद झाले.

दरम्यान २०१३ साली खोपोलीजवळ ॲडलॅब्ज इमॅजिका उघडले होते. परदेशांतल्या उद्यानांच्या तोडीचे काही महाराष्ट्रात व्हावे अशी त्यामागची महत्त्वाकांक्षा. दीड हजार कोटींहून अधिक रुपये त्यात गुंतले, त्यांतला मोठा भाग कर्जाचा. अपेक्षेइतके लोक आले नाहीत. २०१५ मध्ये समभाग विक्रीस काढून भांडवल उभारले, तरी ओझे राहिलेच, आणि अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते उद्यान आपल्या हाती घेतले. हे सांगण्याचा हेतू एवढाच की तिकीट महाग झाले म्हणून मालकाला एकदम लोभी ठरविणे न्यायाचे नाही. परदेशातून आणलेली यंत्रे, त्यांची रोजची सुरक्षा-तपासणी, वीज, विमा, कर्जाचे व्याज, पावसाळ्यातले ओस दिवस, हा सारा खर्च सुट्टीच्या मोजक्या दिवसांतून काढायचा असतो. त्यावर कर. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा अशा उद्यानांवर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. म्हणजे तिकीट महाग असणे ही एक गोष्ट झाली. ती दुःखाची आहे. पण प्रत्येक दुःख अन्याय नसते.

रांगेची गोष्ट मात्र निराळी आहे. ती नीट पाहण्यासाठी या उद्यानांच्या मूळ पुरुषाकडे जावे. आपल्या मुलींना रविवारी चक्रीपाळण्यावर बसवून वॉल्ट डिस्ने बाकावर बसत, आणि पालक व मुले दोघांनाही एकत्र आनंद घेता येईल अशी जागा का नसावी, असा विचार तिथे त्यांच्या मनात आला, असे ते सांगत. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. प्रवेश १ डॉलर. पाळण्यांची कूपने वेगळी, म्हणजे आपल्या जत्रेसारखेच. १९८२ मध्ये कूपने गेली आणि एकच तिकीट आले. दाराबाहेर श्रीमंत-गरीब असतील, दाराच्या आत सर्वांचा हक्क सारखा. १९९९ मध्ये त्यांनी आणखी एक चांगली सोय केली. यंत्रातून वेळेची चिठ्ठी घ्यावी, तोवर हिंडावे, वेळ झाली की यावे. ही चिठ्ठी फुकट होती आणि तिकीट असलेल्या प्रत्येकाला मिळे. २०२१ मध्ये ती फुकट चिठ्ठी गेली आणि तिच्या जागी पैसे देऊन घ्यावयाचा पास आला. तिकीटही वाढत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांत गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलर, म्हणजे सतरा हजार रुपयांच्या घरात गेले, आणि त्यावर पासाचे वेगळे. एका पिढीपूर्वी जो क्रम सर्वांना सारखा वाटला जात होता, तो आता विकला जातो. आपल्याकडचा एक्स्प्रेस पास म्हणजे त्याच विचाराची शाखा.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. करमणूकच तर आहे, भाकरी नव्हे. या आक्षेपाला संत थॉमस अक्विनास यांनी सातशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. देहाला जशी विश्रांती हवी तशी आत्म्यालाही हवी, आणि ती खेळाने मिळते, असे ते म्हणतात. त्यासाठी ते संत योहानाची जुनी कथा देतात. शिष्यांसह खेळताना पाहून लोक नाराज झाले, तेव्हा योहानाने एका धनुर्धाऱ्याला बाण सोडण्यास सांगितले आणि विचारले, हे तुला अखंड करता येईल काय? तो म्हणाला, तसे केल्यास धनुष्य मोडेल. एवढेच नव्हे, जो स्वतः खेळत नाही आणि दुसऱ्यालाही खेळू देत नाही, त्याच्या पदरी अक्विनास दोष घालतात. (हे प्रकरण आम्हांला शिकविणारे फादर फुटबॉलच्या वेळेतूनही अभ्यासासाठी अर्धा तास कापून घेत, हा भाग वेगळा.) तेव्हा मुलांचा खेळ ही क्षुल्लक बाब नाही आणि त्याच्या वाटपात न्याय-अन्यायाचा प्रश्न येतोच.

पण त्या मुलाच्या प्रश्नाला भिडणारे अक्विनास यांचे विवेचन खेळाविषयी नाही, किमतीविषयी आहे. एखादी वस्तू मिळाल्याने ग्राहकाचा मोठा फायदा होत असेल, पण ती दिल्याने विक्रेत्याचे काहीच विशेष नुकसान होत नसेल, तर त्या फायद्यापोटी त्याने किंमत वाढवू नये. कारण ती गरज विक्रेत्याची नव्हे, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये, असे ते मांडतात. आता पाळण्यात जागा असतात वीस. चौघे पलीकडच्या वाटेने आले की अलीकडचे चौघे पुढच्या फेरीवर जातात. उद्यानाचे काही जात नाही. जाते ते अलीकडच्या चौघांचे. पैसे मात्र उद्यानाला मिळतात. “आपल्याला तर नाही दिले” हे त्या मुलाचे म्हणणे असे अक्षरशः खरे होते. जो क्रम विकला गेला तो त्याचा होता.

आमच्या एका मित्राने, जे बँकेतून निवृत्त झाले आहेत, यावर दोन हरकती घेतल्या. पहिली अशी की लोकलमध्ये पहिला वर्ग आहे, त्याविषयी तुम्ही लिहीत नाही. खरे आहे. परंतु पहिल्या वर्गाचा प्रवासी आणि दुसऱ्या वर्गाचा प्रवासी कल्याणला एकाच मिनिटाला उतरतात. एकाला बसायला बरे मिळाले म्हणून दुसरा उशिरा पोहोचत नाही. दुसरी हरकत अधिक वजनदार होती. पासवाले जास्त पैसे देतात म्हणून इतरांचे तिकीट त्यातल्या त्यात स्वस्त राहते. तेव्हा श्रीमंत हा गरिबाचा भारच हलका करतो. यात तथ्य असू शकेल. पण मग हेही पाहावे की रांग जितकी लांब तितका पास अधिक खपतो. ज्याने रांग कमी करायची त्याचाच लाभ ती वाढण्यात असेल, तर त्याची नीयत चांगली असूनही त्याच्यापुढे एक मोह कायमचा उभा राहतो. मित्र यावर काही बोलले नाहीत. त्यांना पटले असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

वळच्या गोदामांतून आम्ही आजाऱ्यांच्या भेटीला जाता-येता पाहतो. तिथेही खोक्यांच्या दोन रांगा असतात. ज्याचे जास्त पैसे भरले ते खोके आज निघते, बाकीचे उद्या. त्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. खोक्याला मन नसते. नळावरच्या रांगेत मात्र आपला डबा ठेवून आई घरी भाकऱ्या टाकायला जाई, तेव्हा तो डबा कोणी सरकवीत नसे. रेशनच्या रांगेत ठेवलेल्या विटेलाही लोक मान देत. त्या डब्यामागे आणि विटेमागे एक माणूस आहे, हे सर्वांना ठाऊक होते.

इथवर लिहिताना आम्हांला फार बरे वाटत होते. मग शुक्रवारी संध्याकाळी गेल्या वर्षीच्या सहलीची यादी शोधून काढली, आणि तिच्यात एक नाव खोडलेले दिसले. त्या मुलाचे वडील झारखंडातून येऊन वळला हमाली करतात. मुलाला ताप आहे, असे त्याच्या आईने तेव्हा सांगितले होते, आणि आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगून बसमध्ये चढलो होतो. तिकिटाची रक्कम म्हणजे त्याच्या वडिलांची दोन दिवसांची कमाई होती. ताप नव्हता, हे आम्हांला कित्येक महिन्यांनी कळले, तेही दुसऱ्याकडून. दीड तास रांगेत उभे राहिल्याचा अन्याय आम्ही वर्षभर मनात घोळवीत होतो. आणि जो मुलगा रांगेपर्यंत पोहोचलाच नाही, त्याला आम्हीच वगळले होते. संत याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला खडसावले आहे. सणाच्या मिस्सेला पुढच्या दोन बाकांवर ‘राखीव’ अशी चिठ्ठी आमच्याच सहीने लागते. दुसऱ्याच्या कठड्याविषयी लिहिणे सोपे असते.

मग तिथे जाताच कशाला, वसईचा किल्ला फुकट आहे, असे पॅरिश कौन्सिलमध्ये एकाने सुचविले. मुलांनी एका आवाजात सांगितले की तो तीनदा पाहून झाला आहे. त्यांचे म्हणणे रास्त होते. मोठा पाळणा ज्यांनी एकदा पाहिला आहे त्यांना, आणि ज्यांनी नुसता ऐकला आहे त्यांना त्याहूनही अधिक, तिथेच जायचे असते.

ठरल्याप्रमाणे आम्ही त्या सद्गृहस्थांना बोलाविले आणि विनंती केली की पास नकोत. त्या रकमेतून, ज्यांना तिकीट परवडत नाही अशा मुलांचे पैसे भरावेत, आणि कोणाचे भरले हे फक्त त्यांना व आम्हांला ठाऊक असावे. ते बराच वेळ गप्प होते. “म्हणजे माझे पैसे जाणार आणि पोरं उन्हात उभीच राहणार?” आम्ही म्हणालो, “होय. जास्त पोरे उभी राहतील.” ते हसले नाहीत. आपला मुलगाही याच वर्गात आहे आणि त्याला ऊन बाधते, असे ते म्हणाले. हे आम्हांला माहीत नव्हते. आपल्या मुलासाठी त्यांनी स्वतंत्र पास घेतला तर आम्ही अडविणार नाही, असे आम्हांला सांगावे लागले, आणि ते सांगताना आमचा स्वर फारसा ठाम नव्हता.

पैसे त्यांनी दोन दिवसांनी पाठविले. यादी बेचाळिसावरून एक्कावन्नावर गेली असून दुसरी गाडी ठरवावी लागली आहे. मुलासाठी पास घेतला की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. सोबत एक्कावन्न टोप्याही आल्या आहेत. प्रत्येकीवर त्यांच्या व्यवसायाचे नाव ठळक छापलेले आहे, आणि पॅरिश कौन्सिलमधील दोघांना ते रुचलेले नाही. आम्ही त्या वाटून टाकणार आहोत.