पदाविना व्रत

कॅथलिक संघांच्या शाळांमुळे ‘ब्रदर’ हा शब्द आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींना अनोळखी नाही. येथील ऑल सेंट्स आणि लिटल फ्लॉवर या शाळा माँटफर्ट ब्रदर्स चालवतात. तरीही ब्रदर म्हणजे नेमके कोण, असे विचारले तर ‘फादर होण्याच्या आधीची पायरी’ असेच उत्तर बहुधा मिळते. या समजाला थोडा आधार आहे. धर्मगुरू होण्यासाठी शिकत असलेल्या तरुणांनाही आपल्याकडे ब्रदर म्हणतात. परंतु ज्या ब्रदरविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, तो वर चढण्यासाठी पायरीवर उभा राहिलेला नसतो. तो जन्मभर ब्रदरच राहणार असतो आणि तसे राहण्यासाठीच त्याने घर सोडलेले असते. त्याच्या जीवनक्रमाचा विचार करू लागले की एक जुना नैतिक प्रश्न समोर येतो : सेवेला पूर्णत्व येण्यासाठी सेवकाला पद असावे लागते काय?

ब्रदर, म्हणजेच धर्मबंधू, तीन व्रते घेतो : अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. संघातील धर्मगुरूही हीच व्रते घेतो. पण त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळते आणि तिच्याबरोबर मिस्सा अर्पण करण्याचा व पापनिवेदन ऐकून क्षमा देण्याचा अधिकार येतो. धर्मबंधूला हा अधिकार नाही. तो शाळेत शिकवतो, रुग्णांची शुश्रूषा करतो, स्वयंपाकघर किंवा शेती सांभाळतो, नाहीतर मठाच्या दारावर बसतो. आपल्या आश्रमव्यवस्थेत त्याला बसवू गेले तर अडचण येते. तो गृहस्थ नाही आणि कर्मसंन्यास घेतलेला यतीही नाही. नैष्ठिक ब्रह्मचाऱ्याच्या तो बराच जवळ येतो. पण गुरुगृही न राहता तो परक्यांच्या लेकरांत राहतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की, पुरोहितपदाविना घेतलेले हे व्रतस्थ जीवन स्वतःच परिपूर्ण आहे. जे परिपूर्ण आहे ते तसे आहे म्हणून सांगावे लागले, यातच बरेच काही येते.

या जीवनक्रमाला शाळेच्या क्षेत्रात ठसठशीत रूप दिले ते फ्रान्समधील ज्याँ-बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) यांनी. ते स्वतः पुरोहित होते, सधन घराण्यातले होते आणि रेंसच्या कॅथेड्रलमध्ये मानाच्या व उत्पन्नाच्या पदावर होते. गरीब मुलांच्या शाळांसाठी त्यांनी शिक्षक जमवले आणि उद्याची चिंता ईश्वरावर सोपवा, असा त्यांना उपदेश केला. तेव्हा शिक्षकांनी त्यांना ऐकवले की, तुम्हाला कायमचे उत्पन्न आहे, म्हणून हे बोलणे तुम्हाला सोपे जाते. हा बोल त्यांना लागला. १६८३ साली त्यांनी ते पद सोडले आणि पुढच्या दुष्काळी हिवाळ्यात आपली संपत्ती भुकेल्यांना अन्न देण्यात संपवली. पुढे आपल्या शिक्षकबंधूंपैकी आंरी लरू यांना पुरोहित करावे, असे त्यांच्या मनात होते. पण १६९० साली लरू अकस्मात वारले. ला साल यांनी त्यात ईश्वरी संकेत पाहिला आणि ठरवले की, या संघात कोणीही पुरोहित होणार नाही. ज्याला लॅटिन येते त्यानेही ते वापरायचे नाही, असा नियम झाला. कारण लॅटिन ही पुरोहितपदाची शिडी होती. त्यांच्या शाळांत मुले आधी फ्रेंच वाचायला शिकत. संस्कृताचा कडेकोट ओलांडून गीतार्थ मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाला या नियमाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

आता घडणीविषयी. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्याला ‘परिवीक्षा’ हा शब्द चांगला परिचित आहे. परिवीक्षेत शासन कर्मचाऱ्याला पारखते; कर्मचाऱ्याने शासनाला पारखावे, अशी अपेक्षा कोठे लिहिलेली नसते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची मठासाठीची नियमावली येथे वेगळी ठरते. नव्याने आलेल्याला सहज प्रवेश देऊ नये, त्याला चार-पाच दिवस दारात तिष्ठू द्यावे, असे ती सांगते. आत घेतल्यावर वर्षभरात तीन वेळा त्याला संपूर्ण नियमावली वाचून दाखवायची आणि झेपत नसेल तर खुशाल परत जा, असे सांगायचे. व्रत घेतल्यावर त्याचे मूळचे कपडे टाकून द्यायचे नाहीत. ते कोठीत जपून ठेवायचे. न जाणो, एखाद्या दिवशी त्याला जावे लागले तर त्याचे त्याला परत देता यावेत. संन्यासाचा इतका व्यवहारी आणि इतका दयाळू विचार आमच्या वाचनात फार थोड्या ठिकाणी आला आहे.

१९८३ च्या धर्मसंहितेतही हीच दृष्टी आहे. सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे उमेदवारीच्या आश्रमात, प्रवेश नाही. ही उमेदवारी किमान बारा महिन्यांची. त्यांत तीन महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाली तर ती रद्दच ठरते. नंतरची व्रतेही मुदतीची असतात, साधारण तीन ते सहा वर्षांची, आणि ही मुदत फार तर नऊ वर्षांपर्यंत वाढवता येते. मगच आजन्म व्रत. बळजबरीने, भीतीपोटी किंवा फसवणुकीने झालेला प्रवेश मुळातच अवैध. म्हणजे ‘हाक’ ऐकू आली असे म्हणणाऱ्याच्या शब्दावर संघ विसंबत नाही आणि संघाच्या शब्दावर त्या तरुणानेही विसंबू नये, असे नियमच सांगतो. दोघांच्या मध्ये काळाला साक्षीदार म्हणून बसवलेले असते. आणि ही वाट चालून गेल्यावर शेवटी काय मिळते? ना पदोन्नती, ना ज्येष्ठता यादीतला क्रमांक. तोच जो आधी होता, तोच बंधू.

गोव्याशी संबंधित एक उदाहरण येथे आठवते. अझोर्स बेटांवर जन्मलेले बेंतो द गोइश सैनिक म्हणून हिंदुस्थानात आले आणि गोव्यात येशूसंघात दाखल झाले. एकदा ते संघ सोडून गेले आणि पुन्हा परतले. दार उघडे होते म्हणून जाता आले, आणि म्हणूनच परतण्याला अर्थ आला. पुढे १६०३ साली लाहोरहून निघून, व्यापाऱ्याच्या वेषात मध्य आशिया ओलांडून ते चीनच्या सीमेपर्यंत पोहोचले आणि ‘कथाय’ म्हणजे चीनच, हे त्यांनी सिद्ध केले. १६०७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. मरेपर्यंत ते साधे बंधूच होते. माँट्रियलचे आंद्रे बेसेत (१८४५–१९३७) यांना तर प्रकृती नाजूक म्हणून संघ घ्यायलाच कचरत होता. जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बंधूंनी एका महाविद्यालयाचे दार सुमारे चाळीस वर्षे सांभाळले. २०१० साली त्यांना संतपद जाहीर झाले.

मात्र येथे थांबलो तर प्रश्नाची अर्धीच बाजू पाहिल्यासारखे होईल. पद स्वतः न स्वीकारणे आणि पद नाकारले जाणे यांत मोठे अंतर आहे. मध्ययुगातील सिस्टर्शियन मठांत कष्टाची कामे करणाऱ्या बंधूंचा वर्ग वेगळा असे आणि मठाधिपतीच्या निवडीत त्यांना मत नसे. त्यांच्या नम्रतेची स्तुती करणारे बहुधा वरच्या आसनांवर बसलेले असत. हे आपल्यालाही परके नाही. आपल्या घरांत एके काळी केशवपन करून लाल आलवणात बसवलेल्या विधवेच्या वैराग्याचे गोडवे गायले जात. ते वैराग्य तिने कधी मागितले होते? ज्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता त्याच्या त्यागाला त्याग म्हणणे, हा त्याच्यावर केलेला दुसरा अन्याय होय.

आज्ञापालनाचेही तेच. आयर्लंडमध्ये २००९ साली चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. धार्मिक संघांनी, त्यांत धर्मबंधूंच्या संघानेही, चालवलेल्या औद्योगिक शाळांत मुलांनी अनेक दशके सोसलेली मारहाण आणि लैंगिक अत्याचार त्यात नोंदले आहेत. त्यांतील कितीतरी मुले न्यायालयांच्या आदेशाने तेथे गेली होती. त्यांनी कोणतेही व्रत घेतले नव्हते आणि त्यांच्यासाठी दारही उघडे नव्हते. व्रत हे स्वतःला बांधून घेण्यासाठी असते. दुसऱ्याला बांधण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. संघातही वरिष्ठाने कोणालाही त्याचे अंतःकरण उघड करण्यास भाग पाडू नये, अशी धर्मसंहितेची आज्ञा आहे. मे २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, पुरोहितांच्या संघांतही धर्मबंधूची प्रमुखपदी नेमणूक होण्यास, रोमच्या अनुमतीने, वाट मोकळी केली. यामुळे बंधूचे व्रत उणे झाले असे आम्हाला वाटत नाही. पद मिळणे शक्य असताना ते न मागणाऱ्याचीच निरिच्छा खरी.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : सेवेला पद लागत नाही, परंतु स्वातंत्र्य लागते. ते जपण्याची जबाबदारी सेवकाहून अधिक त्या संस्थेवर आहे, जिने त्याची व्रते स्वीकारली. सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी खुर्ची जाते, दारावरची पाटी उतरते, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांना आता आपले काम काय, हे सुचेनासे होते. कोठलीही पाटी न लावता चाळीस वर्षे दार उघडणाऱ्या त्या बंधूला हा प्रश्न पडला नसावा. कोठीतल्या जुन्या कपड्यांची किल्ली जेथे जपून ठेवली जाते, तेथेच असे मन घडू शकते. ख्रिस्ती मठाइतकेच हे आपल्या घरांना, कचेऱ्यांना आणि साहित्यसंस्थांनाही लागू आहे.