पुलावरील पेठ

फ्लॉरेन्स शहरीं आर्नो नदीवरील 'पोंते वेक्यो' हा जुना पूल म्हणजे दुतर्फा दुकानांची एक गजबजलेली पेठच होय. सांप्रत तेथें सोनार व जवाहिरे बसतात. पूर्वीं खाटीक बसत. १५६५ सालीं ह्या दुकानांच्या माथ्यावरून राजघराण्यासाठीं आच्छादित मार्ग झाला, आणि १५९३ सालीं ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो ह्यानें दुर्गंधीस्तव खाटकांस घालवून सोनारांस जागा दिली.

आतां दुर्गंधि कोणास प्रिय असते? ड्यूकचें करणें सर्वस्वीं गैर होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच्या पाकशाळेंतून मांस गेल्याचें ऐकिवांत नाहीं. गेला तो केवळ खाटकाचा शेजार. ज्याच्या कष्टांवर आपलें ताट भरतें, त्यालाच दूर ठेवण्याचा अधिकार जेवणाराला कोणी दिला? (आमच्या वेशीबाहेरच्या वस्त्या आठवल्या कीं हा प्रश्न परका राहत नाहीं.) आणि तेथील सोन्याचा झगमगाट पाहून हरखणारे आपण सर्वच त्या निवाड्याचे वांटेकरी नव्हे काय?

पुलाच्या मध्यावर बेन्व्हेनुतो चेल्लिनी ह्या थोर सोनाराचा अर्धपुतळा आहे. तो १५७१ सालींच वारला. म्हणजे त्याच्या हयातींत तेथें खाटीकच होते. त्यांचें स्मारक मात्र आमच्या दृष्टीस पडलें नाहीं.