लुटारूंचा न्याय

शिरढोण गाव पनवेलीहून फार दूर नाही. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म झाला, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. १८७६-७८ च्या दुष्काळात रयतेचे झालेले हाल पाहून त्यांनी रामोशी व इतर लोक जमविले, आणि १८७९ च्या आरंभी पुणे जिल्ह्यातील धामारी येथे पहिली धाड घातली. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या लोकांनी शिरढोणशेजारचे पळस्पे लुटले. लुटीच्या पैशावर फौज उभारून इंग्रजांचे राज्य घालवावे, असा फडक्यांचा बेत होता. परंतु सोबत्यांचे लक्ष आपल्या वाट्याकडेच अधिक, ह्याचा त्यांस फार खेद झाला. जुलै १८७९ मध्ये ते धरले गेले व १८८३ मध्ये एडन येथे बंदिवासात मरण पावले.

ह्यावरून एक प्रश्न उत्पन्न होतो. लुटारूंच्या टोळीसही नियम लागतो. मग तो नियम नीट पाळला तर त्यास न्याय म्हणावे काय?

बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाचा एक वेल्श चाचा १७२२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ लढाईत मारला गेला. त्याच्या जहाजावरील कायदे १७२४ च्या एका पुस्तकात छापले आहेत. प्रत्येक खलाशास मत होते. नायकास दोन वाटे, इतरांस ठरल्याप्रमाणे. कोणाचा हात किंवा पाय गेला तर सामाईक निधीतून भरपाई मिळे. जो सर्वांच्या मालातून चोरी करी त्यास ओसाड किनाऱ्यावर सोडून देत. जो सोबत्यास लुटी त्याचे नाककान कापीत. वाजंत्र्यांस शब्बाथ दिवशी विसावा असे! पुष्कळ राज्यांत त्या काळी गरिबास इतकाही न्याय मिळत नव्हता.

पण ह्याच लोकांनी जानेवारी १७२२ मध्ये विदा बंदरात काय केले ते पाहा. एका गुलामवाहू जहाजाच्या कप्तानाने खंडणी दिली नाही, म्हणून त्यांनी ते जहाज जाळले. आत साखळ्यांनी जखडलेले सुमारे ८० गुलाम होते. त्यांचा वाटा, त्यांचे मत, त्यांची भरपाई कोणत्याही कलमात नव्हती.

तर मग त्या नियमांची किंमत काय? आम्हांस वाटते, दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही की, लुटारूसही न्याय कळतो. आपला वाटा कमी पडला की तो तत्काळ ओरडतो. म्हणून आपणास कळले नाही, अशी सबब तो सांगू शकत नाही. दुसरी ही की, कुंपणाच्या आतच चालणारा न्याय हा न्याय नव्हे, तो केवळ सोय होय. फडक्यांचा हेतू टोळीबाहेरच्या रयतेसाठी होता, म्हणूनच त्यांस खेद झाला. चाच्यांचा तसा नव्हता. तरी ज्याचे घर लुटले, त्याचे म्हणणे ऐकण्यास धाडीत जागा नसते.

वाचकहो, हे समुद्रापलीकडचे बोलणे नव्हे. आमच्या रायगड जिल्ह्यात गावकीने माणसांस वाळीत टाकल्याची प्रकरणे पुष्कळ घडली. दंड भरला नाही, पंचांस विरोध केला, एवढ्यावरून एखाद्या कुटुंबाचे बोलणेचालणे व देवघेव बंद करण्यात आली. पंच म्हणत, आम्ही नियमाप्रमाणेच चाललो. अखेर अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ चा कायदा करावा लागला.

आमच्या मंडळ्यांसही नियम आहेत व शिस्तही आहे, आणि ती असावी. परंतु शिस्तीखाली आलेल्या भावाचे घर आजारी असता कोणी पाणी घेऊन जातो काय? आमच्या निधीतून केवळ आमच्याच विधवेस धान्य मिळते, की शेजारच्या आळीतील विधवेसही? माझा शेजारी कोण, हा प्रश्न प्रभूस विचारण्यात आला, तेव्हा त्याने कुंपणाबाहेरचा शोमरोनी पुढे उभा केला. नियम नीट आहे की नाही, हे आतल्यांस विचारू नये. ज्यास बाहेर ठेवले त्यास विचारावे.