शिक्षेवर अपील करणें पाप आहे काय?

गोव्याकडे जाणारा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणें व कोलाड ह्या गांवांवरून जातो, आणि ह्या भागांतील कित्येक तरुण ट्रक व टेंपो चालवून कुटुंब पोसतात. त्यांपैकीं एखाद्या ख्रिस्ती बंधूच्या निष्काळजीपणानें मनुष्य मेला व न्यायाधीशानें त्यास दोषी ठरविलें, तर त्यानें अपील करावें, कीं मुकाट्यानें शिक्षा भोगावी?

अपिलाचा हक्क कायद्यानेंच दिला आहे. खालच्या न्यायाधीशाच्या निकालावर ३० दिवसांत सत्र न्यायालयाकडे जातां येतें. प्रेषित पौलानेंहि कैसराजवळ दाद मागितली. पण आपण मरणास योग्य असें कांहीं केलें असल्यास मरण चुकवूं पाहत नाहीं, हेंहि तो त्याच वेळीं बोलला. पौलाचा दाखला देणारे हा भाग बहुधा गाळतात.

अपील म्हणजे शिक्षा उतरविण्याची शिडी, असा समज आहे. मुंबईंत वांद्रे येथें १२ नोव्हेंबर २००६ रोजीं पहाटे अ‍ॅलिस्टर परेरा ह्याची मोटार पदपथावर निजलेल्या मजुरांवर गेली. तो दारू प्यालेला होता. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. २००७ सालीं सत्र न्यायालयानें सहा महिने कैद सांगितली. त्याच सालीं उच्च न्यायालयानें तीन वर्षें केली. आणि जानेवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अपील फेटाळतांना तीहि थोडीच आहे असें म्हटलें.

इस्राएलांत नकळत मनुष्यवध करणाऱ्यास आश्रयनगरांत जीव वांचवितां येई. तरी प्रमुख याजक मरेपर्यंत त्यास घरीं परततां येत नसे. हेतु नव्हता, एवढ्यानें रक्ताची गोष्ट मिटत नसे. मग जो पिऊन गाडी हांकतो, तो तर मारका बैल जाणूनबुजून मोकळा सोडणाऱ्या धन्यासारखाच होय.

तेव्हां शिक्षा भारी वाटल्यास घरचीं मुलें व वृद्ध आईबाप दाखवून ती कमी करण्याची विनंती करणें, ह्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. परंतु 'मयतच आडवा आला' किंवा 'गाडी दुसराच चालवीत होता' असें अर्जांत लिहिलेलें असतें, आणि तें खोटें आहे हें ठाऊक असून बंधु त्यावर सही करितो. ज्याला उठून उत्तर देतां येत नाहीं, त्याच्यावरच ती खोटी साक्ष होते, व त्याची विधवा ती कचेरींत बसून ऐकते. अशा सहीपूर्वीं उपदेशकानें त्यास अडविलें पाहिजे.

अपील वर्षानुवर्षें चालतें. भरपाईचा दावा निराळ्या न्यायाधिकरणापुढें असतो, व तोहि लांबतो. तोंवर आरोपी जामिनावर घरीं जेवतो. वकिलाच्या फीसाठीं मंडळींत वर्गणी जमलेली आम्हीं पाहिली आहे. तींतून मेलेल्याच्या घरीं पायलीभर तांदूळ गेल्याचें मात्र अजून ऐकिलें नाहीं.