चेंडू सोडून बघ

सांगली

चि. सईस,

तू पहाटे साडेचारला उठून मोबाईलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचं बास्केटबॉल बघतेस, असं तुझी आई सांगत होती. ऐकून मला आनंदच झाला. १९३९ साली आठ संघांनी सुरू झालेली तिथल्या पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा आज ६८ संघांची झाली आहे. एक सामना हरला की खेळ संपला. २०१८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या मेरिलँड-बाल्टिमोर काउंटीने अव्वल मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच घडलं नव्हतं. त्या संघातल्या मुलांची नावंही तुला पाठ असतील.

पण तुझ्याच कॉलेजचा सामना तू अजून पाहिलेला नाहीस, याची मला रुखरुख लागली आहे. आपलं शिवाजी विद्यापीठ कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांचं. आधी आपापल्या झोनमध्ये बाद फेरी, मग इंटरझोनल, त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ वेस्ट झोनला, आणि तिथले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला. इथेही हरलेल्याला घरीच जावं लागतं.

एक इंटरझोनल सामना माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सिमेंटचं उघडं मैदान, बघायला आम्ही जेमतेम पंधरा माणसं. साताऱ्याच्या मुली दोन गुणांनी मागे. शेवटच्या क्वार्टरमध्ये सांगलीचे चार फाउल होऊन गेलेले, म्हणजे पुढच्या फाउलला दोन फ्री थ्रो. हे साताऱ्याच्या एका बुटक्या मुलीच्या बरोबर ध्यानात होतं. लांबून फेकायचं सोडून ती गर्दीत शिरली आणि तिने फाउल मिळवला. पहिला थ्रो आत. दुसरा रिंगवर दोनदा आपटून बाहेर. सांगली एका गुणाने जिंकली, पण मी सांगलीचा असूनही माझ्या हातून टाळी वाजली नाही. ती पोरगी बुटाची नाडी सोडत कितीतरी वेळ पायरीवर बसून होती. मग कुणीतरी एसटीची वेळ झाल्याचं सांगितलं आणि ती उठली.

आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून त्यांच्यासाठी सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले आणि स्वागताला शंभरावर बैलगाड्या निघाल्या. कॉलेजच्या पोराला इतकं आपलं मानणारी माणसं याच मातीतली, सई. मैदानाच्या कडेला पंधराच माणसं दिसली की मला ते आठवतं आणि फार वाईट वाटतं.

तेव्हा पावसाळा सरताना झोनच्या तारखा लागल्या की मला कळव. मी सकाळच्या गाडीने येतो. स्कोअरच्या टेबलाजवळची जागा धर, फाउल तिथे मोजता येतात. आणि चेंडूवरची नजर काढायला शीक. ज्या मुलीच्या हातात चेंडू नाही ती कुठे सरकते आहे ते बघ, पुढचा पास तिकडेच जायचा असतो. माझी स्कोअरची जुनी वही बरोबर आणतो. तिची शेवटची सहा पानं कोरी आहेत, ती तुझ्या अक्षरात भरायची.

तुझा,
आजोबा